पावडरचं गाणं

प्रेमराजच्या गाण्यावर अख्खा खानदेश नाचला होता, आणि आज सख्ख्या बहिणीच्या हळदीत तेच गाणं वाजू नये म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता.

गाणं काळ्या बायकोला विटलेल्या नवऱ्याचं. अशी अहिराणी गाणी यूट्यूबवर पैशाला पासरी. प्रेमराजनं त्यात एक स्टेप घातली. नवरा बायकोच्या तोंडाला डबाभर पावडर फासतो, तरी ती गोरी होत नाही, मग तो गोऱ्या पोरीमागे जातो. गोरी पोरगी सुरतेहून आणली. तिला नुसती कंबर हलवायची होती. काळ्या बायकोच्या अंगावर पिंपळनेरकडच्या आदिवासी बायका घालतात तसे दागिने चढवले, म्हणजे ती आपोआप अडाणी दिसेल. अक्कल अशी एकेकाची. गाणं तुफान चाललं. मग लग्नालग्नांत पोरं खिशात पावडर घेऊन यायला लागली. गर्दीतली सावळी बाई हेरायची, ओढून मध्ये आणायची आणि कडवं संपता संपता तिचं तोंड माखायचं. तिनं हसायचं, हेही ठरूनच गेलं.

बहीण रत्ना सावळी, रंगानं आईवर गेलेली. नवरदेव वरणगावचा, फॅक्टरीत कायम. धुळ्याच्या लॉनवर दोन्हीकडची हळद एकत्र होती, आणि वरणगावच्या पोरांच्या खिशांतले पावडरचे डबे प्रेमराजनं ती पोरं आल्याआल्याच पाहिले होते. उद्या बोहल्यावर चढायची पोर. आज सासरच्यांसमोर तिचं हसं झालं, तर ‘काळी’ हे नाव तिला जन्मभर चिकटलं असतं.

तो डीजेवाल्या झुलालकडे गेला. "आज मनं गानं नको लावू."

"पाव्हनासनी फरमाईश शे," झुलाल म्हणाला. "तुना मान म्हनीसन सांगी ऱ्हायनात. नही कसं म्हनू?"

"पेनड्राईव्हमधून काढी टाक."

"तूच तं बठ्ठा डीजेवालासले फुकट वाटेल शे. एक मी काढसू, त्या मोबाईलवरथून देतीन."

आपलेच दात आणि आपलेच ओठ; सगळ्या डीजेवाल्यांना गाणं त्यानंच फुकट वाटलं होतं. तक्रार करायची तरी कोणाकडे? प्रेमराज मांडवात आला आणि रत्नाच्या खुर्चीपुढे आडवा उभा राहिला. फोटोवाल्यानं दोनदा हटायला सांगितलं, तरी हटला नाही. रत्नाच्या गालांवरची हळद वाळत आली होती.

"भाऊ, घाम कसाले फुटना तुले?" तिनं विचारलं.

"गरम व्हई ऱ्हायनं."

"तवय दुसराना घरनी बाई व्हती," रत्ना हळूच म्हणाली. "तवय तुले हसू ये."

तेव्हा तो खरंच हसत असे. तेवढ्यात गाण्याचा ठेका सुरू झाला आणि मांडवभर शिट्ट्या झाल्या. नवरदेवाचा धाकटा भाऊ हितेंद्र पोरं घेऊन नाचत सरळ खुर्चीकडे आला. हातात डबा. प्रेमराजनं दोन्ही हात पसरले. लाज वाटत होती, पण भीती त्याहून मोठी होती.

हितेंद्र थबकला आणि हसला. "भाऊ, नवरीला कोणी लावतं का? एवढी रीत आम्हालाही कळते."

पोरं वळली आणि प्रेमराजचा जीव भांड्यात पडला. तो तिथंच रत्नाच्या पायाशी बसला, रुमालानं मान पुसू लागला. वाचलो, असं त्याला खरंच वाटलं. रत्ना मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती उठून उभी राहिली होती आणि बायकांच्या घोळक्याकडे बघत होती.

तिकडे पोरांनी रिंगण धरलं होतं. मध्ये ताईबाई होती, त्याची आई. कोणी तरी तिला सांगितलं होतं, तुमच्याच पोराचं गाणं आहे, चला. ती आपणहून आली होती. नव्या लुगड्याचा पदर सावरून, डोळे घट्ट मिटून, लहान पोरीसारखं तोंड वर करून उभी होती. इतका वेळ प्रेमराजनं बहिणीचीच चिंता केली. आईचा रंग त्याच्या ध्यानातच आला नव्हता. तो धावला, पण कडवं संपलं होतं.

तो रिंगणात घुसला तेव्हा तिच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. लोक टाळ्या वाजवत होते, मोबाईल वर झाले होते. प्रेमराजनं रुमाल काढून तिच्या गालाला लावला. तिनं तोंड मागं घेतलं.

"ऱ्हाऊ दे," ताईबाई म्हणाली. "त्यासले फोटू काढू दे. आते तरी बरी दिसस मी."