दोन मुठी तांदूळ

“समोर बाई बसली आहे असं समजायचं, स्नेहलताबाई, आणि लिहायचं. आपलं कौतुक ऐकायला तिला वेळ नाही. तिचं पीठ जाड येतंय. ते बारीक कसं येईल तेवढं सांगायचं आणि तिला तिच्या कामाला सोडायचं.”

उदयसिंहरावांनी हे सांगितलं त्याला सात वर्षं झाली होती. ते जाऊनही दोन वर्षं झाली. पण गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, की स्नेहलताला समोरच्या खुर्चीत बाई दिसायचीच. कधी तिच्या हातात पिशवी असे, कधी कडेवर मूल. आज त्या बाईला नाव होतं, भक्ती. तिने ब्लॉगवरच्या एका जुन्या लेखाखाली लिहिलं होतं:

“ताई, तुम्ही सांगितलंत तसंच करते. गहू दळून झाला की दोन मुठी तांदूळ फिरवते, ते पीठ टाकून देते आणि मग यशूची ज्वारी दळते. दीड वर्ष झालं. परवा तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणतात, गहू कुठून तरी पोटात जातोच आहे. माझं काही चुकतंय का?”

स्नेहलताने ते तीनदा वाचलं. बाहेर पत्रे कापायचं मशीन चालू होतं, त्याने टेबलावरची पेन्सिल हलत होती.

गुजरातेत, गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना घरघंट्या बनवतो. घरघंटी म्हणजे स्वयंपाकघरात ठेवायची पिठाची छोटी गिरणी. स्नेहलता इथे फोन घ्यायला लागली होती. बाया फोनवर तक्रारी सांगत, ती वहीत उतरवून घेई आणि मिस्त्रीला पाठवी. पुढे मालकांच्या, उदयसिंहसाहेबांच्या मुलाने, अनीशने, कंपनीचा ब्लॉग काढायचं ठरवलं आणि एका एजन्सीकडून चार लेख लिहून आणले. साहेबांनी ते वाचले. त्यांत ‘आधुनिक जीवनशैली’ सहा वेळा होती. “हे कोणाशी बोलतायत?” त्यांनी विचारलं आणि फोनपाशी बसलेल्या स्नेहलताला आत बोलावलं. वही घेऊन या म्हणाले.

वहीतले प्रश्नच लेखांचे मथळे झाले. बेसन गरम का येतं? इडलीला कुठली जाळी लावू? घंटी भिंतीला चिकटवून ठेवली तर चालेल का? बाईने जसं विचारलं तसंच वर लिहायचं, शब्द सुधारायचे नाहीत. दर गुरुवारी एक लेख, मराठीत आणि गुजरातीतही. जे स्वतः दळून पाहिलं नाही ते लिहायचं नाही. खाली आलेल्या प्रत्येक प्रश्नाला जेवायच्या सुट्टीआधी उत्तर द्यायचं. ‘विकत घ्या’चं बटण पानावर एकदाच, तेही अगदी शेवटी. ब्लॉगचं नाव ‘आजचं दळण’. नाव कमलाबेनने सुचवलं होतं. ती घंट्या जोडायच्या विभागात होती आणि तिला मराठी अर्धंच येत होतं.

पहिलं वर्ष कुणी फारसं वाचलं नाही. अनीश दर महिन्याला आकडे दाखवी आणि साहेब म्हणत, “दळू दे रे तिला.” तिसऱ्या वर्षी मांडवीतल्या दुकानदाराचा फोन आला. गिऱ्हाइकं मोबाइलवर लेख उघडूनच दुकानात शिरतात, म्हणाला, आणि मॉडेलचा नंबर आमच्याआधी सांगतात. त्यानंतर जाहिरातींवरचा खर्च अर्धा झाला. एजन्सीवाल्यांनी स्नेहलताला एकदा चहाला बोलावलं आणि विचारलं, बेन, तुमची स्ट्रॅटेजी काय? ती म्हणाली, “नेम आहे.” त्यांना वाटलं ती सांगायचं टाळते आहे. पण खरंच तेवढंच होतं. यजमानांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हाही तिने गुरुवारचा लेख दवाखान्याच्या बाकावर बसून पाठवला होता.

सगळ्यांत जास्त वाचला जाणारा लेख उपवासाच्या पिठाचा होता. ‘एकाच घंटीत गहू आणि राजगिरा दळला तर उपवास मोडतो का?’ श्रावण जवळ आला की तो हजारोंनी उघडला जाई. त्यात तिने लिहिलं होतं, गव्हानंतर दोन मुठी वरईचे तांदूळ फिरवा, ते पीठ बाजूला काढा, घंटी शुद्ध झाली.

आता ती त्याच लेखाखालचे जुने प्रश्न उलटत मागे मागे गेली. दीड वर्षापूर्वीचा सापडला. विचारणारी भक्तीच होती. “माझ्या मुलीला गहू चालत नाही, डॉक्टरांनी कायमचा बंद केला आहे. तिच्यासाठी असंच केलं तर चालेल का?”

खाली उत्तर होतं. “हो ताई, चालेल. मनात शंका असेल तर तीन मुठी फिरवा. – स्नेहलता.”

हे उत्तर लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. पण तेव्हा मनात काय आलं असेल ते बरोबर कळत होतं. देवाला चालतं ते लेकराला न चालायला काय झालं?

ती उठून कमलाबेनकडे गेली. दाखवायला ठेवलेली घंटी घेतली, पावशेर गहू दळले, मग दोन मुठी तांदूळ फिरवले. “हवे खोलो,” ती म्हणाली.

कमलाबेनने स्क्रू काढले. जाळीमागच्या खाचेत, पात्यांच्या बुंध्याशी गव्हाचं पिवळसर पीठ बसलं होतं. वरची कापडी पिशवी काळ्या कागदावर झटकली तर त्यावरही तेच पिवळसर पीठ पसरलं.

“ए तो कोई दि’ न नीकळे, बेन,” कमलाबेन म्हणाली. “घंटीचं पोट आहे ने ते. कधीच पूर्ण खाली होत नाही. का, शुं थयुं?”

“काही नाही. मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.”

वॉरंटी कार्डावर भक्तीचा नंबर आणि पत्ता होता. तिने फोन लावला.

“भक्तीताई? मी स्नेहलता बोलतेय, ‘आजचं दळण’मधून.”

“अय्या! तुम्ही खऱ्या आहात? आमचे हे म्हणतात, ते सगळं कॉम्प्युटरच लिहितो.”

“खरी आहे. ताई, आजपासून त्या घंटीतलं यशूला काही देऊ नका. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

“म्हणजे तीनच मुठी फिरवायला हव्या होत्या का? मी कधी कधी दोनच फिरवायचे. घाई असते हो सकाळी.”

“तीस फिरवल्या तरी नाही. गहू आत राहतोच. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.”

“असं होय,” भक्ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “मला वाटलं शाळेत कुणाच्या डब्यातलं खात असेल. मारलं हो मी तिला परवा. सात वर्षांची आहे, नाही म्हणत होती, शपथ घेत होती. तरी मारलं.”

स्नेहलताने हातातलं वॉरंटी कार्ड टेबलावर ठेवलं.

“बाहेरच्या गिरणीत सगळं एकत्रच दळतात, म्हणून तर घंटी घेतली. आता काय करू? तुम्ही घरी काय करता, ताई? तुमचे उपवास असतात ना, लेखात लिहिता तुम्ही. दोन मुठीच फिरवता ना?”

गोत्रीच्या फ्लॅटमध्ये देवघराशेजारी कापडाने झाकलेली एक घंटी होती. नोकरीला पंधरा वर्षं झाली तेव्हा साहेबांनी दिलेली. स्वयंपाकघरात दुसरी असताना स्नेहलताने ती फक्त व्रताच्या पिठांसाठी ठेवली होती. राजगिरा, वरई, शिंगाडा. मुद्दाम लपवलं असं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. पण दोन मुठींवर तिचा स्वतःचा विश्वास नव्हता, हे तिला गोरव्याच्या ऑफिसात, फोन कानाला लावलेला असताना प्रथमच कळलं.

“माझी उपवासाची घंटी वेगळी आहे,” ती म्हणाली. “तिच्यात गहू कधी गेलेला नाही.”

“हं,” भक्ती म्हणाली. त्या ‘हं’मध्ये टोमणाही नव्हता.

“ती यशूची. रविवारी घेऊन येते मी. जाळी आणि आतली कापडी पिशवी नवीन लावून आणते.”

“नाही नाही, तसं कसं? तुमची देवाची घंटी...”

“रविवारी, अकराच्या आत. तोपर्यंत तिला भातच द्या. आणि डॉक्टरांना विचारून घ्या, असं असं करतोय म्हणून. आता मला विचारू नका.”

अनीशची केबिन साहेबांचीच होती, फक्त खुर्ची बदलली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी विचारलं, “मुलगी कशी आहे?”

“वजन वाढत नाही. पोट दुखतं. गहू पूर्ण थांबला तर सुधारेल म्हणतात.”

“मग दुरुस्ती टाकू या, काकी. खाली एक ओळ. ‘आजारपणात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ बस.”

“खाली कोण वाचतं?”

“मग वर काय लिहिणार तुम्ही?”

तिने कागद पुढे केला. त्याने वाचला आणि डोळे मिटले. “काकी, ‘आमची घंटी अशा घरात एकटी पुरत नाही’? हे आपण आपल्याच पानावर लिहायचं? तो लेख पहिल्या नंबरवर आहे. पंधरा दिवसांवर श्रावण. श्रावण होऊ दे ने, मग लिहा काय लिहायचं ते.”

“श्रावणातच तर सगळ्या तो लेख उघडतात, अनीशभाई.”

“पण तो उपवासासाठी लिहिला होता! कुणी आजारासाठी वापरला तर त्यात आपला काय दोष?”

“तिने विचारलं होतं. मी हो म्हटलं. नाव आहे खाली माझं.”

“ते उत्तर काढून टाका मग. मिनिटाचं काम आहे.”

“काढलं तर ज्यांनी वाचून तसंच केलंय त्यांना कळणार कसं?”

अनीशने टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. “बाबा असते तर...”

“साहेबांना मध्ये नको आणायला,” ती हळूच म्हणाली. “चूक माझी आहे.”

“टाका,” तो म्हणाला. “पण धंदा पडला तर सगळे मलाच विचारणार आहेत, तुम्हाला नाही.”

ते खरंच होतं. ती मान हलवून बाहेर आली.

त्या गुरुवारी नवा लेख गेला नाही. जुन्याच लेखाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, तिने लिहिलं की ज्या घरात कुणाला गहू वर्ज्य आहे तिथे एकाच घंटीत दोन्ही दळू नये, मुठी कितीही फिरवल्या तरी. कारण पुढच्या फोटोत पाहा. फोटो कमलाबेनच्या काळ्या कागदाचा होता. खाली, ‘मी स्वतः एका ताईंना चुकीचं उत्तर दिलं होतं. ते काढलेलं नाही, खोडून तसंच ठेवलं आहे.’ मग तिने सात वर्षांचे सगळे प्रश्न चाळले. गव्हाच्या त्रासाबद्दल विचारणाऱ्या आणखी अकरा जणी निघाल्या. त्या अकरा जणींना वेगवेगळं कळवलं. त्यांपैकी चौघींची उत्तरं आली.

शनिवारपर्यंत पानाचे फोटो निघून कुठल्या कुठल्या ग्रुपांवर फिरले. मांडवीच्या दुकानदाराने अनीशला फोन करून विचारलं, श्रावणाच्या तोंडावर हे काय काढलंत? लेखाखाली कुणी आभार मानले. एकीने लिहिलं, ‘खात्री वाटायची तुमची.’ स्नेहलताने जेवायच्या सुट्टीआधी सगळ्यांना उत्तरं दिली. तिलाही दिलं. ‘बरोबर आहे तुमचं,’ एवढंच.

संध्याकाळी निघताना अनीश दारात आला. “काकी, पुढच्या आठवड्यापासून लेख टाकायच्या आधी मला दाखवत जा. कुणी तरी बघितलेलं बरं.”

सात वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली.

रविवारी पूजा आटपून तिने घंटीवरचं कापड काढलं. झाकणावर दर दिवाळीला लावलेलं हळदकुंकू होतं, ते ओल्या फडक्याने पुसून घेतलं. शुक्रवारी कमलाबेनने घरी येऊन घंटी आतून पूर्ण उघडून साफ केली होती, नवी जाळी आणि नवी कापडी पिशवी बसवली होती. चहा घेताना म्हणाली होती, “तमारा भगवान गुस्से थशे, बेन.” स्नेहलता म्हणाली होती, “होऊ देत. त्यांना भूक लागली तर फळं आहेत.”

तिचे यजमान, जनार्दनराव, रिफायनरीतून निवृत्त झालेले, सोफ्यावरून हे सगळं बघत होते.

“अगं, कंपनीतून एखादी नवी नसती का मिळाली?”

“मिळाली असती. पण मी ‘माझी’ म्हटलं होतं.”

“आणि तुझ्या एकादश्या?”

“भगर न दळता शिजते.”

“सोळा सोमवार धरलेत, त्याला काय करशील? थालीपीठ मलाही लागतं त्यातलं.”

“तुमचा कुठे उपवास असतो?” ती म्हणाली. “तुम्ही नुसते फराळाला असता.”

जनार्दनराव हसले आणि उठून चपला शोधू लागले. टेम्पोवाला आणि ते, दोघांनी मिळून घंटी लिफ्टपर्यंत ढकलत नेली. लिफ्टमध्ये ती कशीबशी मावली. स्नेहलता जिन्याने उतरली.

खाली टेम्पोत घंटी दोरीने बांधून झाली. जनार्दनराव म्हणाले, “मी येऊ का बरोबर?” ती नको म्हणाली. तिथे जाऊन त्या मुलीला काय सांगायचं हे तिने ठरवलं नव्हतं. जे सांगायचं ते एकटीनेच सांगावं, एवढंच ठरलं होतं.

पर्समधून तिने ऑफिसचं जाड काळं पेन काढलं. टेम्पोच्या फळीवर पाय ठेवून ती वर चढली आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: गहू घालू नये. खाली तेच गुजरातीत, शेजारीण कधी दळायला आली तर तिलाही कळावं म्हणून. शाई वाळेपर्यंत पदराने वारा घातला. मग खाली उतरून ड्रायव्हरशेजारी बसली.

“क्यां लेवानुं, माजी?”

“प्रतापनगर, रेल्वे क्वार्टर्स,” ती म्हणाली. “अकराच्या आत पोचायचंय.”