कंदुरीच्या दिवशी आम्ही अडून बसलो

मी दयानंदचं लिव्हर बोलतोय. शाळेच्या पुस्तकात मला यकृत म्हणतात, पण आमच्या निलंग्याच्या बाजूला ते नाव घेतलं तर कुणी वळूनही बघणार नाही. उजव्या बरगडीखाली माझा मुक्काम. काळजाचे लाड सगळे करतात. माझी आठवण होते ती बोकड कापल्यावर, तीही कलेजी म्हणून.

होऊ द्या! मी काही रुसून बसणाऱ्यातला नाही. या माणसाने खाल्लेलं-प्यालेलं सगळं माझ्याकडे येतं. त्यातलं कामाचं मी ठेवून घेतो, विष असेल ते मोडून काढतो. जन्मल्यापासून एक सुट्टी मागितलेली नाही.

दयानंदने ट्रॅक्टर घेतला आणि ऊस वाहायला लागला. कारखान्याच्या फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर उभे राहतात, तिथे त्याची संगत जमली. थंडी आहे म्हणून घ्यायची, नंबर लांबला म्हणून घ्यायची, नंबर लागला म्हणूनही घ्यायची. हंगाम संपला तरी पिणं काही संपलं नाही. मी आधी चरबीने फुगलो, मग सुजलो. माझी एक खोड आहे, मी लवकर दुखत नाही. शेवटी अगदीच असह्य झालं तेव्हा मी त्याचे डोळे पिवळे केले. तेवढीच भाषा मला येते.

घरात एकच ओरड झाली, कावीळ! दयानंदने घाबरून त्याच दिवशी दारू बंद केली. त्याची आई तुळजाबाई हिने स्वयंपाकातली हळद बंद केली. पिवळं खाल्लं की पिवळेपणा वाढतो म्हणे. तेल बंद, वरण बंद, नुसता उसाचा रस सुरू. वर कुठल्याशा वैदूकडून झाडपाल्याचा हिरवा काढा आणला. मी इथे दुरुस्तीला माणसं शोधतोय आणि हे माझा शिधाच तोडून वर नवं विष पाठवतायत! मला असा संताप आला म्हणता!

त्यात दयानंदचे हात कापू लागले, भिंतीवर नसलेली माणसं दिसू लागली. मग मात्र त्याची बायको उज्वला कुणाचं ऐकेना. तिने जीप बोलावली आणि त्याला थेट लातूरला नेऊन दवाखान्यात भरती केलं.

तिथल्या डॉक्टर विशाखाताई चांगल्याच रागावल्या. "रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की जिवावर बेततं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची असते. आणि याला उपाशी का ठेवलंत? वरण, अंडी, दूध, पोटभर द्या. झाडपाला बंद. साधी दुखण्याची गोळीसुद्धा मला विचारून."

"आन् हळद?" तुळजाबाईने भीतभीत विचारलं.

"वरणात घालता तेवढी घाला, आजी. पण दारूचा थेंब नको. लिव्हर वण पडून खरबरीत झालंय, ते वण सगळे जाणार नाहीत. पण उरलेलं सावरेल. पुन्हा प्यायला तर मात्र माझ्या हातात काही नाही."

सावरेल! हा शब्द मी घट्ट धरून ठेवला. उज्वला झोपायच्या आधीही त्याला काहीतरी खायला घालायची. दयानंद आणि मी, दोघंही हट्टाला पेटलो, तो बाहेर आणि मी आत. हळूहळू सूज उतरली, डोळे पांढरे झाले, दयानंद पुन्हा ट्रॅक्टरवर बसला.

तुळजाबाईने पोरगं उठावं म्हणून पिराला कंदुरी, म्हणजे बोकड कापून गावजेवण, बोलली होती. उन्हाळ्यात नवस फेडायचा ठरला. चिंचेखाली चुली मांडल्या, बोकड कापला, पिराला मलिदा दाखवला, भाऊबंद जमले. आणि दयानंदचे चुलते हणमंततात्या यांनी बर्फाच्या पिंपातून बाटल्या काढल्या. दयाने दारू सोडली, त्या आनंदात प्यायला बसायला नको का, म्हणे! बोला आता. आमच्या लोकांना असं सुचतं.

तव्यावरची कलेजी ताटलीत आली. तात्यांनी ग्लास भरून दयानंदपुढे धरला. "घे की. नवसाची हाय, एका घोटानं काय होतंय? चुलत्याला न्हाई म्हणतूस व्हय?"

याच तात्यांच्या खांद्यावर बसून दयानंदने जत्रा पाहिल्या होत्या. त्यांना नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. त्याचा हात पुढे गेला. मी आत गोठलो. एक घोट गेला की दुसरा जाणार, हे माझ्याइतकं कोण जाणतं?

हात ग्लासावरून पुढे गेला आणि ताटलीवर थांबला. त्याने कलेजीचा तुकडा उचलला.

"तात्या, हे बोकडाचं लिवर. कसं मऊ हाय बघा. माझं खरबरीत झालंय. ह्यो बोकड का कापला? मी वाचलो म्हणून. मग मलाच मारायला बसलाव व्हय?"

"चुलत्याचा मान हाय का न्हाई?"

"हाय की." दयानंद वाकून त्यांच्या पाया पडला. "मान हाय, पर पिणार न्हाई."

चुलीपासून तुळजाबाई उठून आली. "भावजी, कंदुरी माझ्या नवसाची हाय. बाटल्या उचला, न्हाईतर मी पंगत उठवते."

तात्यांनी ग्लास मातीत ओतला आणि तोंड फिरवून जेवले. पंगत उठल्यावर ते दयानंदजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दया, ती डॉक्टरीणबाई कवा असती रं?"

दयानंदने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा पिवळट होत्या. तात्यांच्या बरगडीखालचा माझा भाऊबंद बोलायला लागला होता.

परवा दयानंद त्यांना लातूरला घेऊन गेला. मी अजून वण घेऊनच जगतोय, आणि जगणार आहे. कुणी सोडली असेल तर त्याच्यापुढे ग्लास धरू नका, एवढंच सांगणं. धरलात तर आम्ही पाया पडू, पण पिणार नाही.