गरम बाजू कुठली

मी श्वास घेते, हा माझा गुन्हा. तोंड उघडं टाकून झोपते, ओल्या केसांनी गाडीत बसते, दिवसातून दोनदा चहा उकळते. म्हणून आमच्या गाडीला आतून पाझर फुटतो, असं आमच्या मिस्त्रींचं म्हणणं. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. बत्तीस वर्षं त्यांनी कोल्ड स्टोरेजच्या खोल्या बांधल्या आणि त्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही. त्यामुळे मी काही बोलले की ठरलेलं उत्तर, हे तुझं काम नाही.

काम सुटल्यावर त्यांनी माल वाहणारी जुनी व्हॅन घेतली. थंडीतच निघायचं, रमतगमत लेकीकडे पोचायचं, चार महिने गाडीतच संसार. मी पडदे शिवले, गादीची कव्हरं शिवली, शिलाईची माझी गिऱ्हाइकं दुसरीकडे सोपवली. आतल्या कामाला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. ओल अडवायला पत्र्याला प्लास्टिकचा कागद चिकटवला, त्यावर थंडी अडवायला काचेच्या लोकरीचे थर दिले, वरून प्लायवूडच्या फळ्या स्क्रूने बसवल्या. छपरावरचं हवेचं झाकणही सिलिकॉन भरून बुजवलं. आता मुंगी शिरायची नाही, म्हणाले.

मुंगी नाही शिरली. सवय व्हावी म्हणून आम्ही तीन रात्री दारातच गाडीत झोपलो, तर सकाळी काचांवरून ओघळ, गादीखाली ओल, आणि चौथ्या दिवशी कोपऱ्यात काळी बुरशी. खापर माझ्यावर फुटलं. आधी चहा बंद. मग केस घरात वाळवायचे. मग म्हणाले, नाकाने श्वास घेत जा. घेतला बाई नाकाने, तरी पाणी येतच राहिलं. शेवटी स्वारी एकटी झोपायला गेली, आणि सकाळी छाती काढून बाहेर आली की आत सगळं ठणठणीत कोरडं आहे.

त्याच सकाळी त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, आईला गाडी मानवत नाही, मी एकटाच येतो. मला न विचारता. मी तिथेच बसून बटाटे सोलत होते. वर हसून म्हणतात, "अगं, तिचं शरीरच तसं आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांत पाणी आलं त्याचा तर आणखीच राग आला. मी जायचं नसेल तर माझी कव्हरं तरी कशाला जातील, म्हणून ती काढून घ्यायला गाडीत शिरले. वाकले तर ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबलेला टॉवेल हाताला लागला. पिळला, तर वाटीभर पाणी निघालं. म्हणजे पठ्ठ्याने उठल्या उठल्या सगळी गाडी पुसून काढली होती आणि मग तोंड वर करून बाहेर आला होता.

त्यांच्याच स्क्रू ड्रायव्हरने मी एक फळी काढली. आतली लोकर चिंब भिजलेली, आणि तिच्या मागे पत्र्यालगतच्या प्लास्टिकवर थेंबच थेंब. हसावं की रडावं कळेना, कारण हे मला माहीत होतं. कुठल्या कारागिराने कागद कुठे लावला आणि लोकर कशी भिजली, हे जेवताना ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

ते ओरडतच आले, फळी कुणाला विचारून काढली म्हणून. मी ओली लोकर त्यांच्या हातात ठेवली.

"कागद कुठल्या बाजूला लावायचा असतो?"

"गरम बाजूला. शेंबडं पोरही सांगेल."

"गरम बाजू कुठली?"

"बाहेरची," म्हणाले, आणि थांबले.

कोल्ड स्टोरेजमध्ये गारवा आत असतो, ऊब बाहेर. इथे ऊब आत होती, कारण आम्ही दोघं आत होतो. आमचा श्वास फळीतून लोकरीत जायचा, गार पत्र्याकडे पोचून त्याचं पाणी व्हायचं, आणि वरचं झाकण बुजवल्यामुळे त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. बत्तीस वर्षांच्या सवयीने हात चालले यांचे, आणि शिक्षा मला.

सगळं काढतो, कागद आतून लावतो, झाकण मोकळं करतो, आठ दिवसांचं काम आहे, असं ते गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलले. मी विचारलं, आणि टॉवेल? कानापर्यंत लाल झाले.

लेकीला फोन लावायला लावला. तर सुरुवात काय, "अगं, गाडीतला दोष सापडला."

"गाडीतला नाही," मी म्हटलं. "नीट सांगा."

 मग सांगितलं सगळं, कागदाचं आणि टॉवेलचंही. चूक माझी होती आणि नाव तुझ्या आईचं घेतलं, असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले. आणि शेवटी पुन्हा आपलं तेच, तर आईही येतेय.

"ते तुम्ही नका ठरवू. आधी मला विचारा."

फोन चालूच होता, लेक ऐकत होती. लग्न झाल्यापासून हा माणूस मला निघायची वेळ सांगत आलाय, येतेस का असं एकदाही विचारलेलं नाही. ओली लोकर हातात घेऊनच ते माझ्याकडे वळले.

"येशील का?" त्यांनी विचारलं.

गाडी कोरडी होऊ द्या, मग सांगते, म्हटलं.