कॉफीचे कागद

ताजबीने स्टीलची गाळणी नळाखाली उलटी धरली आणि जुन्या टूथब्रशने तिची जाळी घासायला घेतली. कॉफीचा चोथा बारीक भोकांत असा रुतून बसला होता की घासावं तेवढं थोडंच. अर्धा सिंकमध्ये गेला, अर्धा तिच्या बाहीवर आला.

"अम्मी, आधी आपटून रिकामी करायची, मग धुवायची," फिजा मागून म्हणाली.

"आपटते की. तुझ्या डोक्यावर आपटू?"

फिजा हसली. ही गाळणी तिनेच आईला आणून दिली होती. लग्न होऊन ती तिथेच राजिवड्यात, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. शाळेत शिकवायची आणि सुटल्यावर घरी जाताना आईकडे डोकावायची. आईच्या घरातला कचरा हा तिचा जुना वैताग. कॉफी गाळलेला ओला कागद ताजबी कधी ओल्या कचऱ्यात टाकायची, कधी सुक्या, आणि घंटागाडीवाला दोन्ही वेळा कुरकुरायचा. शेवटी फिजाने कागदच घरातून हद्दपार करायचे ठरवले. रोज एक कागद वापरून फेकायचा, हे काय? त्यापेक्षा ही गाळणी धुवा, वापरा, पुन्हा धुवा. जन्मभर पुरेल, असं तिने आईला चारदा सांगितलं.

जन्मभर पुरेल हेच तर ताजबीला आवडलं नव्हतं. पण ते बोलून कसं दाखवणार?

कॉफीचं मशीन तिच्या मुलाने, तहाने, मस्कतहून आणलं होतं. आणलं खरं तर स्वतःसाठी. तिकडे राहून त्याला इकडचा चहा गोड लागेनासा झाला होता. सुट्टी संपवून तो गेला, मशीन मागे राहिलं, आणि जिने उभा जन्म चहावर काढला त्या बाईने साठीनंतर कॉफीची सवय लावून घेतली. आवडली म्हणून नव्हे. मुलगा पितो ते आपणही प्यावं, एवढंच.

मशीनला ठराविक मापाचे कागद लागत. तहा दर सुट्टीला खोकंभर घेऊन यायचा. संपत आले की ताजबी फोनवर सांगायची, "कागद संपले रे." तो म्हणायचा, "येतो घेऊन." असले कागद आता घरबसल्या मागवता येतात, हे फिजाने एकदा सुचवून पाहिलं होतं. मागवलेले फाटतात, असं ताजबीने तिला ठणकावून सांगितलं. तिने कधी मागवलेच नव्हते. उलट शेजारची नम्रता आली, गॅसवाला आला, मीटर बघणारा आला, की ती त्यांना आग्रहाने बसवून कॉफी पाजायची. नम्रता बिचारी ती काढ्यासारखी डोळे मिटून प्यायची. पाहुणचार व्हायचा, आणि कागदही लवकर सरायचे.

मुलाला नुसतं 'ये' म्हणणं ताजबीला कधी जमलंच नाही. नवरा जहाजावर होता तेव्हा ती सगळ्यांना सांगायची, माझं काही अडत नाही. तो वारल्यावरही तेच. घराला आग लागली तरी ही बाई म्हणेल, बरं झालं, थंडी वाजत होती.

"तहाभाईला सांगितलंस?" फिजाने विचारलं.

"काय?"

"कागद आणू नको म्हणून. तो बोलणार नाय, पण आफरीन परवा फोनवर म्हणत होती. खोकं बॅगेत मावत नाय, दाबलं तर कागद चुरगळतात. मग तो मुलांचे कपडे काढून त्याला जागा करतो."

ताजबीचा हात थांबला. "रागावून म्हणाली?"

"नाय गो. हसूनच म्हणाली. नाकापेक्षा मोती जड, म्हणाली."

सुनेने रागावून म्हटलं असतं तर ताजबीनेही दोन शब्द सुनावले असते. हसून म्हटलेल्याचं काय करणार? ते तिला फार लागलं. मुलाच्या बॅगेत आपलं ओझं, आणि त्यापायी नातवंडांचे कपडे मागे राहतात. तिने गाळणी पुसून मशीनमध्ये बसवली आणि झाकण जरा जोरातच लावलं.

शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, नेहमीप्रमाणे तहाचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी आफरीन बसली होती, मुलं मागे सोफ्यावर उड्या मारत होती.

"तिकिटं काढतोय, अम्मी," तहा म्हणाला. "आधी मुंब्र्याला उतरतो सगळे. आफरीनच्या अम्माचं तर तुला माहीतच आहे, उठवत नाही तिला. मग मी चार दिवस तुझ्याकडे येतो. कागद संपले असतील ना?"

"कागद आता नकोत," ताजबी म्हणाली. तिने हे दोन दिवस मनात घोळवून ठेवलं होतं, त्यामुळे ते फार सफाईने बाहेर पडलं. "फिजाने स्टीलची गाळणी आणलीय. धुतली की झालं."

तहाने फोन जवळ घेतला.

"स्टीलची? जाळीतून भुकटी खाली येत असेल, अम्मी. कपाच्या तळाशी गाळ राहतो."

राहत होता. शेवटचा घोट ती रोज सिंकमध्ये ओतत होती.

"छे. कागदापेक्षा झकास."

"नक्की? तुला सवय नाही त्याची. थोडे आणून ठेवतो मी. असू देत घरात."

"अरे, नको म्हणते ना. कशाला ओझं वाहतोस? तुम्ही मुंब्र्यालाच निवांत राहा. माझं काही अडत नाही."

आफरीन स्क्रीनच्या जवळ आली. तिचा चेहराच बदलला होता.

"खरंच, अम्मी? मग ह्या वेळी पूर्ण सुट्टी तिकडेच काढतो. अम्माला उचलून बसवायला दोन माणसं लागतात. माझी भाभी एकटी पडते हो. हे असले की खूप आधार होतो. अल्ला तुम्हाला सुखी ठेवो."

तहा बाजूला बघत होता. स्क्रीनवर त्याचा फक्त कान दिसत होता.

त्या दिवशी ताजबी स्वतःवर भलती खूश होती. आपण मन मोठं केलं, सुनेचा दुवा घेतला. नम्रता संध्याकाळी आली तेव्हा तिलाही तिने सगळं सांगितलं. नम्रता म्हणाली, "म्हणजे तहा येणार नाही?" त्यावर ताजबीने तिला बशीत खारी काढून दिली आणि विषय बदलला.

शनिवारी बांगडे साफ करताना तिचा हात मध्येच थांबला. तहाने गाळाचं का विचारलं? घरात साखर कुठे असते ते ज्याला ठाऊक नसतं, त्याला गाळणीची एवढी पंचाईत कशाला? एकदा विचारलं, तिने नाही म्हटलं. मग म्हणाला, नक्की? मग म्हणाला, थोडे आणून ठेवतो. पोरगा दार ठोठावत होता आणि आपण आतून कड्या लावत बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. बांगड्याचं रक्त बोटांवर वाळेपर्यंत ती पाटावर तशीच बसून राहिली. तिला स्वतःचा मनस्वी राग आला.

तिने हात धुतले आणि फोन लावला.

"एकटा आहेस?"

"गाडीत आहे. आफरीन मुलांना घेऊन दुकानात गेलीय. काय झालं? बरं नाही का तुला?"

"बरी आहे. अरे, त्या गाळणीचं. गाळ राहतो रे तळाला. खूप राहतो."

तो हसला, पण थोडंसंच. "मला वाटलंच होतं."

"मग घेऊन ये कागद."

"आता कसं येऊ, अम्मी? तू तिच्या तोंडावर नको म्हणालीस. तिने रात्रीच भाभीला कळवलं, पूर्ण सुट्टी येतोय म्हणून. तिची अम्मा ऐकून रडली म्हणे." तो थांबला. "दर वेळी तुझ्या खोक्याचं निमित्त असायचं. अम्मीचं सामान पोचवायचंय म्हटलं की कुणी अडवायचं नाही. आता काय सांगून निघू?"

ताजबीने पदराने ओठ पुसले. जे इतकी वर्षं तोंडातून निघालं नव्हतं ते तिने आता नीट, एकेक शब्द करत म्हटलं.

"सांग, आईला भेटायचंय. अम्मीने बोलावलंय म्हणून सांग."

पलीकडे गाडीचा एसी घरघरत होता.

"तिची आई अंथरुणावर आहे, अम्मी," तहा हळू म्हणाला. "तू चालती-फिरती आहेस. भेटायचंय एवढं म्हणून भागत नाही गं. मलाच तिच्यासमोर म्हणवणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मुलं भांडतच आत शिरली. "कुणाचा फोन?" आफरीनने विचारलं, आणि तो सांगेपर्यंत तिने फोन घेतलाही.

"अस्सलाम अलैकुम, अम्मी. बरं झालं तुम्हीच केलात. आम्ही आता खरेदीलाच निघालोय. इकडून काही हवंय का तुम्हाला? कुणाबरोबर तरी पाठवते. संकोच करू नका."

तहा, चार दिवस. एवढेच शब्द होते, आणि ते अगदी ओठांवर आले. आफरीन पलीकडे खरोखर वाट बघत होती. तिच्या आवाजात कालचाच आनंद होता. आईचं अंग पुसायला, तिला कुशीवर वळवायला आता आपण पुरेसे दिवस असणार, हा.

"नको गो बाय," ताजबी म्हणाली. "तुझ्या अम्माला माझा सलाम सांग."