सात जणांचे टेबल

मित्रांनो, यारापी वस्तीच्या दवाखान्यात ज्या टेबलाभोवती बैठक भरायची, ते जुने टेबल मीच. कोरड्या नदीच्या पात्रात उन्मळून पडलेल्या तांबड्या निलगिरीतून मला घडवले. घडवणारे आता नाहीत. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत, म्हणून मीही घेत नाही. सुतारबाबा म्हणते. माझा एक पाय आखूड राहिला, तेव्हा त्यांनी त्याखाली चहाच्या डब्याचे झाकण सरकवले आणि काम झाल्याचे जाहीर केले.

हा दवाखाना सरकारचा नव्हता, मिशनचाही नव्हता. वस्तीने सात जण निवडायचे आणि त्या सातांनी तो चालवायचा. सुतारबाबा त्यातले एक. त्यांची थोरली बहीण मर्टल नांगाला अध्यक्ष होती. सगळे तिला मावशी म्हणत. बैठकीला ती भाजलेली कांगारूची शेपटी आणायची आणि पोट भरल्याशिवाय विषयाला हात घालू द्यायची नाही.

मूत्रपिंड बिघडलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना रक्त साफ करून घ्यायला चारशे किलोमीटरवरच्या शहरात राहावे लागे. बरेच जण तिकडेच संपले. सातांनी नऊ वर्षे पाठपुरावा करून ते यंत्र वस्तीत आणले. रोग्याची खुर्ची कुठे ठेवायची यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी ती डोंगराकडे तोंड करून ठेवली. त्या खुर्चीवर पुढे मावशीलाच बसावे लागले, आठवड्यातून तीनदा.

मग सुतारबाबा गेले. रिवाजाप्रमाणे त्यांचे घर मोकळे केले. सगळी वस्ती नदीपलीकडे शोकाच्या छावणीत राहायला गेली. मावशी यंत्रापुरती यायची आणि कुणाशी न बोलता परत जायची. दोन महिने बैठक झाली नाही. आरोग्य खात्याची पाकिटे माझ्या पाठीवर साचत राहिली. मला ती ना उघडता येत होती, ना कुणाला हाक मारता येत होती.

एके सकाळी खात्याने नेमलेला हार्लंड नावाचा प्रशासक आला. माणूस वाईट नव्हता. बूट बाहेर झटकून आत आला. समिती बरखास्त झाल्याचा कागद त्याने माझ्यावर ठेवला आणि मावशीला बोलावून घेतले.

"मावशी, सलग दोन बैठका झाल्या नाहीत. नियम आहे," तो म्हणाला.

"माणूस गेला होता."

"एक दिवस बसायला हवं होतं. पत्राला उत्तर तरी द्यायचं."

"तुझा भाऊ गेला तर तू पत्रं लिहीत बसशील?"

यंत्रावरच्या नर्सची जागा खात्याने आधीच रद्द केली होती. ते त्याच्या हातात नव्हते. यंत्र बंद राहील, रोग्यांची सोय शहरात होईल, असे त्याने हळू आवाजात सांगितले.

मावशी म्हणाली, "खुर्ची कुठं ठेवायची एवढ्यासाठी आम्हा सात जणांना दोन दिवस लागले. तू तर एका सकाळीत सगळं उरकलंस. हुशार आहेस, बाबा."

तो हसला नाही. तीही हसली नाही.

चौथ्या दिवशी मावशीला न्यायला गाडी आली. गाडी उभी ठेवून ती आत आली आणि माझ्याजवळ बसली. भावाने रंधा मारलेल्या कडेवरून तिने दोन्ही हात फिरवले. हे लाकूड धरून ठेवू शकत असते, तर मी तिला धरून ठेवले असते. बाहेरून हॉर्न वाजला आणि ती उठली.

शहरात तिला एक दिवसाआड यंत्रावर बसावे लागते, म्हणून तिला परत येता येत नाही. हार्लंडसाहेबांना लहान टेबल पुरते. मी आता गॅरेजमध्ये, टायरांच्या शेजारी आहे. नवी निवडणूक पुढच्या वर्षी होईल म्हणतात. गेल्या वर्षीही असेच म्हणत होते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी असाच कागद घेऊन कुणाच्या दारात गेले आणि आत कुणी दिसले नाही, तर आधी शेजारी चौकशी करा. माणसे रडायला गेली असतील, तर ती परत येईपर्यंत थांबा. माझे एवढेच मागणे आहे. हार्लंडसाहेब आले त्या सकाळी मला तेवढेही बोलता आले नाही.