घर क्रमांक सतरा

भूकंपानंतर लातूरकडं कोण आलं नाही? पुढारी आले, स्वयंसेवक आले, जमिनीचे थर तपासणारे जपानी शास्त्रज्ञही आले. त्यांतल्याच एकानं जाताना मुग्धा मॅडमच्या हाती आपल्या देशाच्या आहाराचा तक्ता ठेवला. माणशी रोज किती लोह पोटात जातं, किती कॅल्शियम, असा. मॅडम लातूरच्या एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवायच्या. त्यांनी ठरवलं, आपल्या माणसांचाही असाच तक्ता करायचा आणि दोन्ही शेजारी मांडायचे. औसा तालुक्यातल्या, नव्यानं वसवलेल्या एका गावातली चाळीस घरं त्यांनी आपल्या वर्गातल्या शिल्पाकडं सोपवली, कारण गाव तिचंच होतं.

शिल्पा ही सटवाजी आणि केवळाबाईची एकुलती एक. घरं पडली तेव्हापासून त्या गावानं एकच ध्यास घेतला होता, पोरं लातूरला शिकवणीला घालायची आणि डॉक्टर करायची. शिल्पाही दोन वर्षं शिकवणीला गेली, तिचा नंबर हुकला आणि ती गृहविज्ञानाला आली. डबा मात्र सुटला नाही. सातच्या एस.टी.त गावातले डबे चढायचे आणि नऊ वाजता लातूरच्या स्टँडावर ज्याचा तो नाव वाचून उचलायचा. शिल्पाचं नाव लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. ती लातूरला खोलीवर राहायची आणि पाच वर्षं तिचं दोन्ही वेळचं जेवण त्याच डब्यातून येत होतं.

पाहणीचं काम सोपं होतं. सकाळी घरात जायचं, शिजवायच्या आधी पीठ, डाळ, भाजी, गूळ तोलायचा आणि त्यातल्या लोहाला घरातल्या डोक्यांनी भागायचं. डोकी कोणती, तर रात्री घरात झोपणारी, असं छापील कागदावरच होतं. सतरा क्रमांकाचं घर शिल्पाचंच. तिनं आईच्या परातीतली ज्वारी तोलली, अंबाडी तोलली, कारळाची चटणीसुद्धा सोडली नाही. डोकी लिहिली दोन, आईची आणि बापाची; ती स्वतः पाहणीपुरती पाहुणी. माणशी लोह आलं चव्वेचाळीस मिलिग्राम. मग आईनं बांधलेला डबा काखेत मारून ती सातची एस.टी. धरायला पळाली.

अख्ख्या गावाची सरासरी निघाली चौतीस, आणि जपानची होती बारा. मुग्धा मॅडमना आभाळ ठेंगणं झालं. आपल्या ज्वारीनं जपानला मागं टाकलं म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला पेढे वाटले आणि नांदेडच्या परिषदेत निबंध शिल्पानंच वाचायचा, असं ठरवून टाकलं. शिल्पा आठवडाभर हवेत होती.

त्यानंतर, पाहणीतच तपासायला घेतलेल्या गावातल्या बायकांच्या रक्ताचे अहवाल आले. एकीचंही रक्त धड नव्हतं, आणि सगळ्यांत खाली नाव होतं केवळाबाईचं, हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन. मॅडम म्हणाल्या, जेवणावर चहा पितात, पोटात जंत असतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. शिल्पानं ते पटवून घेतलं, कारण तेच सोयीचं होतं. तरी रविवारी ती काटा घेऊन गावी गेली आणि या वेळी तिनं परात नाही, आईचं ताट तोललं.

बाप जेवून उठल्यावर केवळाबाई बसली. टोपल्यात दीड भाकरी उरली होती, चटणी बोटभर, भाजीचं नुसतं पाणी. शिल्पानं हिशोब केला तर अकरा आले. मग चव्वेचाळीस गेले कुठं, हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. चुलीजवळ धुऊन पालथा घातलेला डबा होता आणि त्यावर तिचंच नाव होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या तोंडचं आपण पाच वर्षं खाल्लं, आणि वर ते आईच्याच नावावर लिहिलं. चाळीसपैकी सव्वीस घरं डबे धाडणारी होती. मुग्धा मॅडम शहरातच वाढलेल्या, त्यांना एस.टी.तला डबा कुठून माहीत असणार? शिल्पाला माहीत होता.

आईला तिनं सगळं सांगितलं आणि परिषदेत चूक कबूल करणार म्हणाली. केवळाबाईचा चेहरा उतरला.

"ते खोडू नकू," ती म्हणाली. "जपानच्या बायांपरीस म्या जास्ती खाते म्हून लिवलंय न्हवं? ऱ्हाऊ दे की. तुज्या बापाच्या घरात बाईला पोटभर मिळंना, असं चार लोकांत का म्हून सांगावं?"

शिल्पानं मान हलवली आणि ती हो होती की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

नांदेडला सभागृह भरलेलं होतं. शिल्पानं तक्ता वाचला, टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून धर्माबादच्या एका डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, एवढं लोह पोटात जातं, तर बायकांचं रक्त असं का? मॅडम उठल्या आणि चहा, जंत सांगू लागल्या. आता गप्प बसलं की झालं होतं. आईचा शब्द राहत होता, मॅडमची अब्रू राहत होती.

"आकडा चुकलाय," शिल्पा म्हणाली. "घर क्रमांक सतरा. तिथं जेवणारी माणसं दोन नाहीत, तीन आहेत. तिसरी मी."

मग तिनं डब्याची गोष्ट सांगितली, सव्वीस घरांची. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मॅडम खाली बसल्या. लातूरच्या परतीच्या वाटेवर शिल्पा आईला काय सांगायचं, हेच जुळवत राहिली.

ती स्टँडावर उतरली तेव्हा दिवस मावळायला आला होता. चौकशीच्या खिडकीपाशी एकच डबा उरला होता, सकाळपासून तिची वाट बघत. लाल अक्षरं ओळखून तिनं तो उचलला आणि बाकावर बसून उघडला. चार भाकऱ्या, अंबाडी, वर गुळाचा खडा, आणि कारळाची चटणी नेहमीपेक्षा जास्त. परिषद होती ना पोरीची.

हे परत पाठवावं, असं तिला वाटलं. पण भरला डबा परत गेला तर पोरगी आजारी पडली म्हणून आई घोर लावून घेईल. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. तिला त्या घासाची लाज वाटली. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तिनं सगळा डबा खाल्ला.