शत्रूच्या बुटांची करकर

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण दोन गेम कन्सोल आणि कॉम्प्युटर मी एका खोक्यातून एकाच हेडफोनला जोडले!" लेक दारात दिसताच मेकॅनिक बाबांनी फुशारकी मारली.

खरं तर त्या फुशारकीमागे धास्ती होती. गाडीचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस म्हणून गॅरेजात त्यांचा मान, पण महिनाभर कान दगा देत होते. लेक कान तपासून घ्या म्हणून मागे लागली होती. मालकाला कळलं तर घरी बसावं लागणार. आता पडद्यावर लढाई पेटलेली आणि हेडफोनमध्ये चिडीचूप. म्हणजे कान कायमचे गेले!

"मागून शत्रू आला की बुटांची करकर थेट डाव्या कानात!" बाबा रंगात आले. "भिंतीपलीकडे एक शिंकला, मी इकडे रुमाल काढला!"

लेकीने जोडणीच्या खोक्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, खोक्यावरचं निवडीचं बटण दुसऱ्या, बंद असलेल्या कन्सोलकडे वळवलेलं आहे. हेडफोनमध्ये आवाज येणं शक्यच नाही. मग ही थाप कशासाठी? कान गेले असं वाटलं ना तुम्हाला?"